नोंदीपासून निष्कर्षापर्यंत : अभिलेख व सांख्यिकी विभागाचे मनोगत

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत अभिलेख व सांख्यिकी विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेच्या या व्यासपीठावरून दरवर्षी शस्त्रक्रियागृह, प्रसूती विभाग आणि औषध निधी यांविषयी सविस्तर निवेदन होत असते, आणि ते उचितच आहे. केसपेपरच्या गठ्ठ्यांआड बसणाऱ्या आमच्या विभागाला येथे बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. या वेळी तो आला, त्याला एका देणगीदार बंधूंचा प्रश्न निमित्त झाला. ते म्हणाले, "तुम्ही वापरता ती आज्ञावली जगभर विनामूल्य मिळते असे तुम्हीच सांगता. मग तिच्यासाठी स्वतंत्र संगणक, स्वतंत्र प्रशिक्षण आणि स्वतंत्र माणूस कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा आपणांस अधिकार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही यथामती देणार आहोत.

प्रारंभी, आकडा हवाच कशाला, हे सांगणे आवश्यक आहे. २०१९ साली आपल्या जिल्ह्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत आले, ते ऊसतोड करणाऱ्या भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. शासनाने नेमलेल्या समितीच्या चौकशीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती. कोयत्यावर गेल्यावर खाडा परवडत नाही, घेतलेली उचल फेडायची असते, फडावर पाण्याची व शौचाची सोय नसते. परंतु आणखी एक कारण अनेक भगिनींच्या तोंडून समोर आले, ते म्हणजे भीती. पिशवी काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल, ही भीती.

आजही आमच्या खिडकीशी केसपेपर काढताना एखादी मावशी विचारते, "ताई, पिशवी काढून टाकली म्हंजे कॅन्सरची कटकट मिटती ना?" वैद्यकीय उत्तर डॉक्टर देतात. परंतु या भागातील स्त्रियांना कोणता कॅन्सर किती प्रमाणात आणि कोणत्या वयात होतो, हे सांगणारा विश्वासार्ह आकडा जवळ असेल, तर डॉक्टरांच्या शब्दाला बळ येते. आकडा नसेल तेथे भीतीचेच राज्य चालते. आमच्या विभागाच्या कामाचे प्रयोजन एवढेच आहे.

या बाबतीत आपला परिसर पूर्वसुकृताने संपन्न आहे, हेही नमूद केले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर १९८७ साली आपल्या शेजारच्या बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते जात, लोकांशी बोलत, संशयित रुग्णांना तपासणीस येण्याची विनंती करीत आणि नोंद पूर्ण करीत. पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह पाडून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तीन तपासण्यांची तुलना त्यात करण्यात आली. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली तरी त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातील स्त्रियांच्या नोंदींतून ते ज्ञान निर्माण झाले, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता दुसरा आकडा पाहावा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदणी अहवालात 'उस्मानाबाद व बीड' या नोंदणीचा समावेश होता. वयानुसार समायोजित केलेला कर्करोगाचा दर पुरुषांत प्रति १ लाख ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ असा त्यात आला. अहवालातील नोंदण्यांमध्ये तो सर्वांत कमी होता. त्याच अहवालात मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यातील पुरुषांचा दर २६९.४ होता. हे वाचून कोणासही समाधान वाटेल, आम्हालाही वाटले. परंतु नोंदी सांभाळणाऱ्यास समाधानापाठोपाठ शंकाही येते. आपल्याकडे कर्करोग खरोखरच कमी आहे काय? की काही रुग्ण निदानाविनाच जातात? की सोलापूर, पुणे, मुंबईस उपचारासाठी गेलेल्यांची नोंद परत आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचत नाही? या प्रश्नांचा निकाल एकटे रुग्णालय लावू शकत नाही. आपल्या दारात आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद मात्र अचूक ठेवणे आणि तिचे विश्लेषण निर्दोष करणे आपल्या हाती आहे. आज्ञावलीचा विषय येथून सुरू होतो.

आम्ही वापरतो त्या आज्ञावलीचे नाव केवळ एका अक्षराचे आहे, 'आर'. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ती रचली, १९९५ साली ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली परिपूर्ण आवृत्ती आली. मूळ आज्ञावली आटोपशीर आहे. तिचे सामर्थ्य आहे ते जगभरातील अभ्यासकांनी लिहिलेल्या पूरक भागांत. इतर आज्ञावल्यांत त्यांना प्लगइन म्हणतात, येथे पॅकेज म्हणतात. १९९७ पासून चालत आलेल्या 'क्रॅन' नावाच्या सामायिक भांडारात आज अशी वीस हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. शिलाई यंत्र घरी आणले तरी काजे पाडण्यासाठी, बटणे लावण्यासाठी वेगवेगळे पाय बसवावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची 'कॅनरेग' ही नोंदणीची आज्ञावलीसुद्धा आपले तक्ते काढण्यासाठी याच 'आर'ला हाक मारते. त्यासाठी 'आर' संगणकावर नेमके कोठे बसवले आहे तो मार्ग तिला दाखवून द्यावा लागतो आणि लागणारी पॅकेजे आधी हजर असावी लागतात.

पॅकेज बसवणे म्हणजे एका ओळीची आज्ञा, असे पुस्तकात लिहिलेले असते. महाजाल अखंड चालू असेल तर ते खरेही आहे. आमचा अनुभव निराळा होता. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असते आणि दुसरे तिसऱ्यावर. वीज गेली, जोडणी तुटली, की साखळी मध्येच खंडित होते आणि अर्धवट बसलेले पॅकेज पुढील प्रयत्नातही अडथळा आणते. नोंदींचा संगणक आम्ही सुरक्षिततेसाठी महाजालाला जोडतच नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर फायली उतरवून पेन ड्राइव्हने आणाव्या लागतात. प्रथम आम्ही केवळ हवे ते पॅकेज आणले आणि ते ज्यांवर अवलंबून होते ती आणलीच नाहीत. दिवसभर खटपट करून सायंकाळी चूक उमगली. आता संपूर्ण साखळीची यादी काढून सर्व फायली एकाच वेळी आणण्याचा शिरस्ता आम्ही ठेवला आहे. आणखी एक भेद नवशिक्यास गोंधळात टाकतो. पॅकेज संगणकावर एकदाच बसवायचे असते, परंतु काम सुरू करताना ते प्रत्येक वेळी बोलवावे लागते. कपाटात आणून ठेवलेले उपकरण शस्त्रक्रियेच्या वेळी टेबलावर मांडावेच लागते, तसेच हे आहे. आणि दोन पॅकेजांत एकाच नावाची आज्ञा असेल, तर नंतर बोलावलेले पॅकेज आधीच्या आज्ञेस झाकून टाकते. त्याची सूचना पडद्यावर येते. ती न वाचता पुढे गेल्यास काम होते, पण भलत्याच आज्ञेने होते.

बसवण्यातील चूक निदान लगेच दिसते, संगणक अडतो. जुळणीतील, म्हणजे आज्ञावली आपल्या नोंदींप्रमाणे लावण्यातील चूक दिसत नाही. संगणक न अडता नीटनेटका तक्ता काढून देतो आणि तो तक्ता चुकीचा असतो. या भाषणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून तिची चार उदाहरणे आपणांसमोर ठेवतो.

पहिले उदाहरण लिपीचे. आपले केसपेपर मराठीत असतात. २०२२ सालच्या ४.२ आवृत्तीपूर्वी विंडोज संगणकावर 'आर' देवनागरी नावे नीट दाखवत नसे, नावांच्या जागी कोनी कंसांतील संकेतांची रांग उमटे. नवी आवृत्ती आणि पुरेसे अलीकडचे विंडोज बसवल्यावर तो त्रास सरला. परंतु देवनागरी अंकांचा प्रश्न राहिलाच. केसपेपरवर '५०' असे लिहिलेले वय तसेच टंकित झाले, तर ही आज्ञावली त्यास संख्या मानत नाही, माहिती उपलब्ध नाही असे समजते. मराठीत वय लिहिलेल्या साऱ्या आयाबाया अशा रीतीने हिशेबातून नाहीशा होऊ शकतात. म्हणून देवनागरी अंकांचे रूपांतर करणारी पायरी आम्ही प्रारंभीच घातली आहे.

दुसरे उदाहरण आवृत्तीचे. २०२० साली 'आर'ची चौथी आवृत्ती आली. तिच्यासाठी सर्व पॅकेजे नव्याने बसवावी लागली. एवढेच असते तर भागले असते. परंतु मजकुराचा रकाना वाचण्याची तिची पद्धतही बदलली. पूर्वी असा रकाना आपोआप वर्गवारीत बदलला जाई. वयाच्या रकान्यात एकाच ठिकाणी जरी 'अंदाजे' असा शब्द आला, तरी सारा रकाना मजकूर ठरे, त्याची वर्गवारी होई आणि तिची संख्या करू गेल्यास वयाऐवजी त्या वर्गाचा अनुक्रमांक हाती येई. साठ वर्षांची आजी कागदावर सतरा वर्षांची होऊ शके! तीच लिखित आज्ञा जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगवेगळे उत्तर देऊ शकते, हे आम्ही एका जुन्या तक्त्याची फेरतपासणी करताना शिकलो. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याखाली आज्ञावलीची आणि पॅकेजांची आवृत्ती छापण्याचा नियम आम्ही केला आहे.

तिसरे उदाहरण गावाच्या नावाचे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचे इंग्रजी लेखन एक, आणि नित्य व्यवहारातील लेखन दुसरे आहे. अंबाजोगाई, गेवराई, केज यांचीही तीच गत. माणसास दोन्ही एकच वाटतात, संगणकास ती दोन निराळी गावे वाटतात. शिरूर तर तीन आहेत. आपले शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ आणि पुणे जिल्ह्यातील शिरूर. ऊसतोडीच्या हंगामात घर बीड जिल्ह्यात आणि मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यावर, अशा कुटुंबाचा पत्ता कोणता धरावा? शब्दांतील साम्य मोजणारी पॅकेजे आहेत, ती उपयोगी पडतात. तथापि किती साम्य असल्यास दोन नावे एक मानावीत, ही मर्यादा आपणच ठरवून द्यावी लागते. ती सैल ठेवली तर दोन रुग्ण एक होतात, कडक ठेवली तर एकाच रुग्णाचे दोन होतात. त्यामुळे संशयित जोड्या संगणकाने काढून द्याव्यात आणि अंतिम निर्णय केसपेपर हाती घेऊन माणसाने करावा, असे आम्ही ठरवले आहे.

चौथे उदाहरण छेदाचे, आणि ते ऊसतोड भगिनींच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. दर काढताना वर रुग्णसंख्या आणि खाली लोकसंख्या असते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. २०२१ साली अपेक्षित जनगणना त्या वर्षी झाली नाही, म्हणून त्यानंतरच्या वर्षांसाठी अंदाजित लोकसंख्या घ्यावी लागते. शिवाय निरनिराळ्या प्रदेशांची तुलना करण्यासाठी एक सामायिक प्रमाण लोकसंख्या लागते. कर्करोग नोंदणीत सामान्यतः सेगी यांनी १९६० साली सुचवलेली आणि नंतर सुधारलेली जागतिक प्रमाण लोकसंख्या वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या प्रमाणात वृद्धांचा वाटा अधिक असल्याने त्याच नोंदींवरून कर्करोगाचा दर जास्त निघतो. 'एपिटूल्स' या पॅकेजातील सूत्रास ही प्रमाण लोकसंख्या आपण बाहेरून पुरवावी लागते. कोणती पुरवली हे न लिहिता दिलेला दर कोणत्याही तुलनेस पात्र राहत नाही.

यापुढची बाब तर कोणत्याच पॅकेजात तयार मिळत नाही. समजा, एका वयोगटात १,००० स्त्रिया आहेत आणि त्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरच्या ८ रुग्ण आढळल्या. दर हजारी ८ झाला. परंतु त्यांपैकी २०० जणींचे गर्भाशय पूर्वीच काढलेले असेल, तर तो कॅन्सर ज्यांना होऊ शकतो अशा स्त्रिया ८०० च उरतात आणि खरा दर हजारी १० होतो. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. गर्भाशयमुखासह पिशवी काढली असल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरलाही हाच हिशेब लागू पडतो. जेथे अशा शस्त्रक्रिया थोड्या आहेत, तेथे या फरकाकडे दुर्लक्ष करता येते. आपल्या जिल्ह्यात ते करता येत नाही. ऑकलंडमध्ये जन्मलेल्या आज्ञावलीस ऊसतोड ठाऊक नाही, ती तिला आपण सांगितली पाहिजे. दर कृत्रिमरीत्या कमी दिसला, तर 'येथे तपासणी शिबिरांची फारशी गरज नाही' असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो आणि त्याची किंमत गर्भाशय शाबूत असलेल्या भगिनी मोजतात. म्हणूनच स्त्रियांच्या केसपेपरवर आम्ही एक रकाना वाढवला आहे : गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोणत्या वयात, आणि गर्भाशयमुख काढले आहे काय.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आज्ञावली विनामूल्य आहे हे सत्य आहे, आणि ती लिहिणाऱ्या अनाम अभ्यासकांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु ती आपल्या नोंदींना जुळवून घेणे, प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर जुना तक्ता पुन्हा काढून उत्तर तेच येते ना हे पाहणे, जुळणीची वही लिहिणे आणि रुग्णांची नावे विश्लेषणापूर्वी वेगळी काढून त्यांची गोपनीयता राखणे, हे काम माणसाचे आहे आणि त्यास वेळ लागतो. स्वतंत्र संगणक यासाठी हवा की बिलांच्या संगणकावर कोणी काही नवे बसवले, तरी आमची जुळणी बिघडू नये. प्रशिक्षण यासाठी हवे की एक कर्मचारी रजेवर गेला, तरी दुसऱ्यास वही वाचून तेच काम तसेच करता यावे. आपली देणगी या विभागात अशा रीतीने खर्च होते.

देणगीदारांस आमची एक नम्र विनंती आहे. आम्ही सादर केलेला कोणताही दर पाहताना त्याखालील ओळ अवश्य वाचावी आणि छेद कोणता घेतला, हे आम्हाला विचारावे. असे प्रश्न आमच्या कामास शिस्त लावतात. रुग्णांच्या आप्तांस दुसरी विनंती. वय विचारल्यावर 'असेल चाळीस-पन्नास' असे न सांगता आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला सोबत आणावा. कारखान्यावर असलात तरी मूळ गाव व तालुका सांगावा. पूर्वी पिशवीचे ऑपरेशन झाले असल्यास ते संकोच न करता सांगावे आणि त्या वेळचे कागद जपून ठेवावेत. हे विचारणारा आमचा कर्मचारी चौकशी करावी म्हणून विचारत नाही. आपल्या लेकीसुनांना उद्या कोणी कॅन्सरची भीती घातली, तर तिला खऱ्या आकड्याने उत्तर देता यावे, यासाठी तो विचारतो.

आमच्या चुका आम्ही येथे उघडपणे सांगितल्या, कारण नोंदींच्या कामात झाकलेली चूक पुढील प्रत्येक तक्त्यात उतरत राहते. आपल्या जिल्ह्याचा आकडा कमी निघो वा अधिक, तो खरा निघावा, इतकीच आमची आकांक्षा आहे.